ऑक्सिजनचं मला सांगता?

नाही, पण मी म्हणतो, दिवा लावायचाच होता तर धड लाल तरी लावायचा! लाल दिसला की माणूस गाडी बाजूला घेतो, उतरतो, कमरेवर हात ठेवून बॉनेटकडे बघतो, काहीतरी करतो. हा पिवळा. इंजिनाचं एवढंसं चित्र, आणि पिवळं... म्हणजे चालवायची की थांबवायची? आपण जेवायला बसलेलो असताना कोणीतरी दारात येऊन नुसतं उभं राहावं, आत या म्हटलं तर येत नाही, काय काम आहे विचारलं तर सांगत नाही, तसा तो दिवा चार महिने माझ्या स्टिअरिंगच्या मागे उभा होता. आणि का? तर म्हणे गाडीचा ऑक्सिजन सेन्सर गेला. ऑक्सिजन! आता तुम्हीच बघा, हे सांगतायत कोणाला? मला!

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो, माझा धंदा माशांच्या टाक्यांचा. काचा कापायच्या, जोडायच्या, पाणी भरून दोन दिवस ठेवायच्या, मग गिऱ्हाइकाकडे पोचवायच्या. सव्वीस वर्षं झाली. दातांच्या डॉक्टरकडे जी टाकी बघत तुम्ही दाढ दुखायची विसरता ना, ती बहुधा मी केलेली असते. टाकीतले मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले की मी कुठलंही यंत्र न लावता सांगतो, ऑक्सिजन कमी पडतोय, हवेची नळी साफ करा. सव्वीस वर्षं मी ऑक्सिजनवरच जेवतोय असं म्हणा ना! आणि दुसरं म्हणजे सिलिकॉन. काचा चिकटवायचा, पारदर्शक, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा, बंदुकीतून पिळून काढायचा तो. त्याची रेघ मी अशी ओढतो, वरून ओला अंगठा असा फिरवतो, की काच कुठं संपली आणि सांधा कुठं सुरू झाला हे आतल्या माशालाही कळत नाही. माझ्या हातचं काम गळत नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माझ्या दुर्दैवानं.

तर दिवा. नुसता दिवा असता तर मी त्याच्यावर चिकटपट्टी लावून मोकळा झालो असतो, आणि खरं सांगायचं तर एक आठवडा लावलीही होती. पण गाडीला लक्षणं दिसायला लागली. सिग्नलला थांबली की अंगात आल्यासारखी थरथरायची. आत बसलं की पेट्रोलचा वास. मागची नळी बोट लावून बघावी तर बोट काळं, आणि सोमवारी भरलेली टाकी गुरुवारी तळाला. जातं कुठं एवढं पेट्रोल? पितं कोण?

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. निवृत्त आहेत. कशातून निवृत्त झालेत ते अजून कोणाला कळलेलं नाही, पण त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं म्हणून आम्ही त्यांना सर्वज्ञ म्हणतो. ते एक डबीएवढं यंत्र घेऊन आले, स्टिअरिंगच्या खाली कुठंतरी खुपसलं, त्यावर एक आकडा आला, तो त्यांनी फोनमध्ये शोधला आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ऑक्सिजन सेन्सर." मी म्हटलं, बरं. तर म्हणाले, "ऑक्सिजन म्हणजे कसं असतं बघा..." आणि अर्धा तास! फाटकाशी उभं राहून, मला, ऑक्सिजन म्हणजे काय! माझ्या हातात त्या वेळी हवेचा पंप होता हो टाकीचा, दुरुस्तीला आलेला. तरी ते सांगतायत आणि मी ऐकतोय.

एक मात्र त्यांनी बरं समजावलं, ते तुम्हालाही सांगून ठेवतो, म्हणजे पुढे अडायला नको. इंजिनात पेट्रोल जळलं की धूर बाहेर पडतो. त्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो सेन्सर हुंगतो आणि इंजिनाला कळवतो. ऑक्सिजन जास्त उरला म्हणजे पेट्रोल कमी पडलं, जरा वाढ. कमी उरला म्हणजे पेट्रोल जादा झालं, हात आखडता घे. आता हा सेन्सरच बिघडला आणि "कमी पडलं, कमी पडलं" एवढंच बोलत सुटला तर? इंजिन बिचारं वाढतच राहतं. आमच्या सासूबाई अशाच वाढतात. तुम्ही नको म्हणा, ताटावर आडवा हात धरा, त्या बोटांच्या फटीतून वाढतात. फरक एवढाच की सासूबाईंच्या वाढण्यानं मागून काळा धूर येत नाही.

आता सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या मुलाकडे येतो. म्हणजे माझा मेहुणा. कारण खरं दुखणं तिथं आहे, सेन्सरचं सोडा.

हा मेहुणा म्हणजे शाळेत कारकून आहे आणि इतका सज्जन आहे की ब्रेक दाबायच्या आधी ब्रेकची माफी मागेल. चार महिन्यांपूर्वी त्यानं घर बदललं, पुस्तकांची खोकी न्यायला दोन दिवस माझी गाडी नेली. मी गाडी कशी दिली होती? ठणठणीत! इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेनं जरा तेल पाझरत होतं, तेसुद्धा मी आदल्या दिवशी बंद करून दिलं होतं, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या सामानानं. माझ्या हातचं काम गळत नाही. आणि गाडी परत आल्यावर आठवड्याच्या आत हा पिवळा दिवा. आता तुम्ही माझ्या जागी असता तर कोणाकडे बघितलं असतं?

रविवारी दुपारी आमच्याकडे पत्त्यांचा डाव असतो. मी, आमची ही, सासूबाई आणि मेहुणा. नियम आहे तो घरचा, पंधरा वर्षांचा. डाव रंगात आला होता आणि मेहुण्यानं सहज विचारलं, भाऊजी, गाडीत तो दिवा कसला लागलाय? मी पानं लावता लावता म्हणालो, "गाडी दिली तेव्हा नव्हता."

एवढंच. चार शब्द! त्याच्यावर त्यानं हातातली पानं खाली ठेवली, उपडी, नीट जुळवून. म्हणाला, "मी जपूनच चालवली होती हो भाऊजी." आणि चपला घालून गेला. पुढच्या रविवारी निरोप आला, अंगात कसकस आहे. त्याच्या पुढच्या रविवारी घरी कोणीतरी यायचंय. तिसऱ्या रविवारी निरोपही नाही. तिघांत डाव होतो का? सासूबाई एकट्याच पानं पिसायच्या आणि परत डबीत ठेवायच्या.

आमची ही त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. त्याला कडेवर घेऊन शाळेत पोचवलंय तिनं. भांडली असती तर बरं झालं असतं, मी भांडणाला तयार होतो, मुद्देसुद्धा काढून ठेवले होते. भांडलीच नाही! "जेवण वाढलंय." "चहा ठेवलाय." कोणी वाढलं, कोणासाठी ठेवला, काही उल्लेख नाही, रेल्वेच्या फलाटावर सूचना देतात तशा घरात सूचना. अहो म्हणायची बंद झाली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, ती अहो म्हणायची तेव्हा मी कधी लक्ष दिलं नव्हतं, पण बंद झाल्यावर घर मोकळंमोकळं लागायला लागलं, खोटं कशाला बोलू.

मी गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथं बसायला सोफा आहे, माणूस गळ्यात ओळखपत्र घालून येतो आणि गाडीकडे न बघता तुमच्याशी बोलतो. त्यांनीही डबी खुपसली, आकडा बघितला, सेन्सर बदलला, दिवा गेला. तपासलं काय? काही नाही. आकडा म्हणाला सेन्सर, म्हणून सेन्सर. मी खुशीत घरी आलो, बॉनेट उघडून सगळं ठीक आहे ना बघितलं, तर झाकणाच्या कडेला परत तेलाचा एक थेंब. एकच! पण माझ्या कामातून थेंब? मी टाकीचं सिलिकॉन आणलं आणि पहिल्या थरावर दुसरा असा जाड थर दिला, असा अंगठा फिरवला, म्हटलं आता हे इंजिन पाण्यात बुडवलं तरी चालेल.

तीन आठवड्यांनी दिवा परत. तोच, पिवळा.

मला तर आनंदच झाला! म्हटलं बघा, नवा सेन्सरसुद्धा टिकत नाही, म्हणजे दोष मुळातला आहे, त्या दोन दिवसांतला आहे, त्यानं कुठलं तरी भेसळीचं पेट्रोल भरलं असणार. हे मी हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी नीट करून आणा. आणि चूक कोणाची ते विचारून या. लेखी." बऱ्याच दिवसांनी माझ्याशी पूर्ण वाक्य बोलली, म्हणून मी लगेच निघालो.

या खेपेला मला एका रिक्षावाल्यानं एक लहान गॅरेज सांगितलं. पत्र्याचं छप्पर, खाली स्वच्छ फरशी, आणि एकट्या ताई. पन्नाशीच्या, केस रुमालात बांधलेले, बोलायला अगदी बेताच्या. आणि त्यांची एक पद्धत आहे, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. काढलेला पार्ट त्या फेकत नाहीत. पुसतात, पारदर्शक पिशवीत घालतात, सुतळीनं चिठ्ठी बांधतात आणि मालकाच्या हातात देतात. चिठ्ठीवर वर पार्टचं नाव आणि खाली "कशानं गेला". लोक न्यायचे विसरतात, त्या पिशव्या भिंतीवर खिळ्यांना ओळीनं टांगलेल्या. मी वाचत सुटलो. क्लच प्लेट, कशानं गेली, पाय सारखा ठेवून. बॅटरी, कशानं गेली, विसरल्यानं. पाण्याचा पाइप, कशानं गेला, उंदीर. एका आरशावर नुसतं, फाटक. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हिला लेखी हवं होतं ना? आयतं लेखी मिळणार होतं. मला तर ती चिठ्ठी डोळ्यांसमोर दिसायलाही लागली. ऑक्सिजन सेन्सर, कशानं गेला, मेहुणा.

मी ताईंना आपणहून सगळा इतिहास सांगितला, पुस्तकांच्या खोक्यांसकट. त्यांनी ऐकून घेतला आणि विचारलं, "गाडी चालू करता का काका?" काका! असू दे. त्यांनी आकडा बघितला पण आकड्यावर विश्वास ठेवला नाही. आधी वायर बघितली, हलवून, वाकवून, कुठं जळली आहे का. मग धुराची नळी सांध्याशी फुटली आहे का, बाहेरची हवा आत शिरते आहे का. मग पडद्यावर सेन्सरची रेघ लावली. रेघ तळाला पडून होती, अंथरुणाला खिळल्यासारखी. म्हणाल्या, आता मुद्दाम जास्त इंधन देऊन बघू, चांगला सेन्सर असेल तर रेघ टुणकन वर जाईल. दिलं. इंजिनाचा आवाज बदलला, धूर काळा झाला, मला खोकला आला, रेघ तशीच. "कमी पडलं, कमी पडलं." सासूबाई!

मग त्यांनी खाच असलेला पाना लावून सेन्सर काढला, फडक्यावर ठेवला आणि माझ्यापुढे धरला. बोटाएवढी वस्तू. टोक काळं असायला हवं होतं, एवढा काळा धूर पितोय तर. टोक पांढरं! पीठ भुरभुरल्यासारखं. "काळं असतं तर नुसती काजळी," ताई म्हणाल्या, "तेल जळत असतं तर तपकिरी. पांढरं एकाच गोष्टीनं होतं." मी म्हटलं, भेसळीचं पेट्रोल? त्या बॉनेटकडे गेल्या, वाकल्या, बॅटरीचा उजेड झाकणाच्या कडेवर धरला, नाक जवळ नेलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हे इतकं सुंदर काम कोणाचं?"

आता माणसाला असं विचारल्यावर तो काय म्हणेल? तुम्ही काय म्हणाला असता? छाती पुढे काढून, अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल असं, मी म्हणालो, "माझं!" आणि वर तेही सांगितलं, माझ्या हातचं काम गळत नाही. अंगठा कसा फिरवायचा तेही करून दाखवलं.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, टाकीचं सिलिकॉन इंजिनाला लावत नाहीत. त्याची वाफ आतल्या नळीनं इंजिनात जाते, तिथं जळते, तिची राख या टोकावर बसते. याचं नाकच बुजवलंत तुम्ही." मी विचारलं, आधीचा सेन्सर? "तोही तुम्हीच." आणि दुसऱ्या थरानंतरचा... "हाच तो."

म्हणजे बघा! सव्वीस वर्षं माशांना ऑक्सिजन पुरवणारा मी, आणि माझ्याच गाडीचं नाक मीच दोनदा बुजवलं, तेही माझ्या सर्वोत्तम सामानानं! आणि ते ऐकता ऐकता मला मेहुण्याची पानं आठवली. उपडी, नीट जुळवून ठेवलेली.

ताईंनी माझी दोन्ही पुटं खरवडून काढली, आणि त्यांना तासभर लागला, सांगून ठेवतो, सहजासहजी निघालं नाही माझं काम. झाकणाखाली नवं गॅस्केट, म्हणजे तेल अडवणारी रबरी पट्टी, घातलं, नवा सेन्सर बसवला, गाडी तापू दिली. पडद्यावरची रेघ वर जायला लागली, खाली यायला लागली, वर, खाली. मी म्हटलं, ही एका जागी का थांबत नाही? "थांबायची नाही," ताई म्हणाल्या, "चांगला असतो तो सारखा बघत राहतो, आपलं जरा जास्त झालं का, जरा कमी झालं का. बिघडला की एकच धरून बसतो." त्या पडद्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. तरी मला का लागलं कोण जाणे.

मग त्या चिठ्ठी लिहायला बसल्या. मी म्हटलं, ताई, एक विनंती. "कशानं गेला" तिथं वयोमानानं लिहिलं तर? त्या म्हणाल्या, तीन आठवड्यांचा आहे. मग नशीब लिहा. नाही. मग हवामान? बघा, मी किती खाली उतरलो होतो! शेवटी म्हणालो, निदान काहीच लिहू नका. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "काका, घरी कोणी वाट बघतंय ना या चिठ्ठीची?" आणि लिहिलं. ऑक्सिजन सेन्सर, दोन. कशानं गेले, मालकाच्या हातानं.

वाटेत पूल लागतो. पुलावर गाडी बाजूला घेतली, पिशवी हातात घेतली, खाली पाणी बघितलं. टाकली असती तर? पेट्रोल भेसळीचं होतं म्हणून सांगितलं असतं, कोण विचारायला जाणार होतं? पण मग रविवारी पानं कोणाला वाटणार होतो? परत आत बसलो. दिवा नव्हता. दिवा नसताना ती जागा फार काळी दिसते हो.

घरी जाऊन हिच्या हातात पिशवी दिली. तिनं वाचली. परत वाचली. मी म्हटलं, बोल काहीतरी. ती आत गेली, केसांवरून कंगवा फिरवला, चपला घातल्या आणि म्हणाली, "चला." आम्ही गाडीत बसलो. गाडी कशी पळत होती, आहाहा... पण दाद कोण देणार!

मेहुण्यानं दार उघडलं. मी वाटेत छान भाषण जुळवलं होतं, त्यात सिलिकॉनची वाफ होती, राख होती, मोठ्या गॅरेजचा निष्काळजीपणा होता. तो समोर आल्यावर तोंडातून निघालं एवढंच, "तुझी चूक नव्हती रे. माझी होती."

त्यावर हा सज्जन माणूस काय म्हणाला असेल? म्हणाला, "भाऊजी, मला वाटत होतं त्या दिवशी मी एका गतिरोधकावर जरा जोरात आदळवली होती, त्यानंच झालं असेल. सांगायला धीर होत नव्हता." चार महिने! चार महिने तो त्या एका गतिरोधकाचा विचार करत बसला होता, आणि मी त्याच्या नावाची चिठ्ठी डोळ्यांसमोर आणत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, आत तरी या." अहो! ऐकलंत ना? दोन सेन्सर गेले, पण तो एक शब्द परत आला. मी तिथंच दारात डोळे पुसले, धूळ होती म्हणून सांगितलं, आणि कोणाचाही विश्वास बसला नाही.

आता सगळं आलबेल आहे. रविवारचा डाव सुरू आहे, सासूबाई वाढतायत, तेल गळत नाही. फक्त एक झालंय. त्या पिशवीतला सेन्सर हिनं बाहेर काढला आणि चिठ्ठीसकट गाडीच्या आरशाला टांगला. पुढे, मधोमध, सगळ्यांना दिसेल असा. मी काढला की ती परत टांगते. बसणारा प्रत्येक जण चिठ्ठी वाचतो, आणि मग त्याला समजावून सांगायला कोणीतरी असतंच. परवा मेहुणा पुढे बसला होता, मागे सर्वज्ञ, आणि मेहुणा मागे वळून त्यांना सांगतोय, "ऑक्सिजन म्हणजे कसं असतं बघा..." आणि सर्वज्ञ मान डोलावतायत! आणि सासूबाई मध्येच, "अरे, ते सिलिकॉन चांगलं नाही हो, नाक बुजतं." ऑक्सिजनचं. सासूबाई. मला!

आणि मी? मी समोर बघून गाडी चालवतो. काय करणार? तो पिवळा दिवा चार महिने डोळ्यांसमोर होता, मी त्याला नाही नाही ते बोललो. पण आता वाटतं, त्याचं एक बरं होतं हो... तो निदान कारण सांगत नव्हता.